पुष्कररावांचं ‘सर्व क्षेम’

आमचे जावई पुष्करराव जर्मनीत बॉबलिंगेनला असतात. कचऱ्याचे चार डबे ते डोळे मिटून ओळखतील. मी तिकडे राहायला गेलो तेव्हा माझा चहाचा चोथा मात्र रोज चुकीच्या डब्यात सापडायचा म्हणे. तळघरात त्यांची संगणकाची एक पेटी आहे, तीत डिस्कच्या दोन जोड्या. जोडीतल्या एकीवर लिहिलं की दुसरीवरही उमटतं. पहिल्या जोडीत घरचे फोटो, दुसरीत आमच्या लेकीच्या, देवश्रीच्या, डॉक्टरेटची तीन वर्षांची मोजमापं. आणखी प्रत कुठेच नाही.

रोज सकाळी पेटीचा निरोप दोघांच्या फोनवर यायचा, ‘इकडील सर्व क्षेम.’ पुष्कररावांचाच बारा वर्षांपूर्वीचा प्रोग्राम.

“पेटीला कळतं कसं हो?” मी विचारलं.

“कर्नेल, म्हणजे यंत्राचा कारभारी, सगळ्या जोड्यांची हकीकत एका कागदावर लिहून ठेवतो. त्यात ‘जोडी पूर्ण’ दिसलं की निरोप जातो.”

“सगळा कागद वाचून?”

“प्रोग्राम ते दिसेपर्यंत वाचतो, बाबा.”

मला हसू आलं. आमच्या गुरुजींनी पत्र असंच शिकवलेलं, वरती सर्व क्षेम. मावशीच्या पत्रात क्षेम पहिल्या ओळीत होतं आणि काकांचा मोडलेला पाय सहाव्या. वडिलांनी पहिली ओळ वाचून पत्र तारेत ओवलं. काका लंगडत दारात आले तेव्हा कळलं!

“म्हणजे पहिली जोडी धड असली की तुमचा प्रोग्राम खाली बघतच नाही?”

पुष्करराव ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायला गेले आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मग सपाता फटफटवत तळघरात. मागे देवश्री, मागे मी.

दुसऱ्या जोडीतली एक डिस्क मार्चपासून बंद होती.

“मार्चपासून?” देवश्री म्हणाली. “माझा अख्खा प्रबंध एका डिस्कवर लटकतोय, आणि तू मला रोज क्षेम कळवतोस?”

नवी डिस्क आणून बसवली. तिच्यावर सगळं उतरेपर्यंत देवश्री जिन्यातच बसून होती. तेवढ्यात पुष्कररावांनी प्रोग्राम बदलला. कारभारी हल्ली प्रत्येक जोडीची वेगळी चिठ्ठी ठेवतो. तीत एकच आकडा, किती डिस्क गहाळ. प्रोग्राम आता या सगळ्या चिठ्ठ्या वाचतो.

“मग इतकी वर्षं तो जुना कागद का?”

“जुनं चालत होतं, बाबा.”

“आमचे काकाही चालतच आले होते.”

सकाळी निरोप आला, ‘फोटो: गहाळ ०. मोजमापं: गहाळ ०.’ देवश्रीने तो मला तीनदा वाचून दाखवला आणि लिहायला बसली.

आता मी गावी परतलोय. रविवारी पुष्कररावांचा फोन येतो. मी म्हणतो, सगळं छान. ते म्हणतात, “ते झालं. सहाव्या ओळीत काय आहे?”

मग सांगावं लागतं गुडघ्याचं.