कुठल्याशा गाडीचा कार्बुरेटर

माझा दादा गॅरेजवाला. मनगट मोडून पुन्हा बरं झालं, तरी तो पान्याला शिवत नव्हता. म्हणून भंगारात दिसलेली पिट बाईक मी मुद्दाम घरी आणली. मातीत पळवायची, जेमतेम कमरेएवढी, स्वस्तातली चिनी मोटारसायकल.

"हिचे पार्ट कोण देणार तुला?" दादा म्हणाला, पण बोलता बोलता तिच्याजवळ उकिडवा बसलासुद्धा. कार्बुरेटर पार सडला होता.

मग आम्ही दोघांनी कोल्हापुरातली जुन्या पार्टची दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानातल्या मावशींनी ढिगातून एक कार्बुरेटर काढला. "चायनाचं काय न्हाई बघा. ह्यो आपल्या इकडच्या कुठल्याशा जुन्या गाडीचा हाय. लावून तरी बघा."

अंगणात दादाने तो लावला. भोकाला भोक असं जुळलं, की आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. तिकडे चीनमध्ये कुणीतरी पाडलेली भोकं, इकडे कुणीतरी ओतलेला हा तुकडा. ना ओळख, ना भाषा, आणि तरी माप एक! जगात आपल्या नकळत अशा किती सोयरिकी जुळून बसल्या असतील, या विचाराने अंगावर काटा आला.

दादाने किक मारली. नुसती धाप. पुन्हा मारली, आणि गाडी अशी तडतडली की शेजारच्या काकू धावत बाहेर आल्या. "सरक!" दादा ओरडला आणि गुडघे हँडलला टेकवून फाटकाबाहेर सुटला. मी टाळ्या पिटत मागे पळाले. तो इतक्या मोठ्याने हसत होता, की इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू येत होतं.