बशीला पाय नसतो

आमच्या वहिनी माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, पायांवरून ओळखतात. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, सगळ्यांनी मान वर केली आणि वहिनींनी खाली घातली. घरी येताना माझ्या मोठ्या भावानं त्यांना विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणाल्या, "मुलगी काही मी नीट बघितली नाही. पण तिच्या वडिलांच्या डाव्या टाचेला खोल भेग आहे, आणि त्यांनी चहा बिनसाखरेचा मागितला. त्यांना उद्याच्या उद्या डॉक्टरकडे पाठवलं पाहिजे." आणि पाठवलंही. लग्न तिथंच जमलं. सासरे अजून सांगतात की, आम्ही स्थळ मुलाकडे बघून नाही, त्याच्या वहिनीकडे बघून पसंत केलं.

वहिनी इथल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. शिकवतात म्हणजे वर्गात येरझाऱ्या घालतात; मुलं म्हणतात, मॅडमच्या तासाला मान फिरवून फिरवून व्यायाम होतो. त्यांच्या डोक्यात बरीच वर्षं एकच विषय आहे. साखरेच्या आजारात पाय बधिर होतात, जखम झाली तरी कळत नाही, ती चिघळते, तिच्यात जंतू घर करतात, आणि बघता बघता बोटं, पाऊल, कधी अख्खा पाय जातो. अशी जखम धुवायला झाडपाल्याच्या अर्कातून स्वस्त पाणी करता येईल का, हा तो विषय. "औषध नाही हो भाऊजी, धुवायचं पाणी. डॉक्टरांच्या औषधाच्या जोडीला," असं त्या मला इतक्यांदा समजावतात की एखाद्या दिवशी झोपेत मीच ते कोणाला तरी समजावीन. एक सर्जन, रुग्णांची परवानगी घेऊन, त्यांच्या जखमेतला पू कापसाच्या काडीवर वहिनींकडे पाठवतात. त्यातले जंतू वहिनी काचेच्या बशीत वाढवतात आणि अर्कात भिजवलेली कागदाची टिकली त्यावर ठेवतात. अर्कात दम असला तर दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं. तेवढ्या जागेत जंतू वाढलेले नसतात. ते दिसलं की वहिनी पहिला फोन मला करतात. "कडं पडलं!" एवढंच बोलतात आणि ठेवून देतात. एकदा मी आमच्या साहेबांसमोर बसलो होतो आणि फोन चुकून स्पीकरवर होता. साहेबांनी फार सहानुभूतीनं विचारलं, "काय पडलं? घराचं बांधकाम चालू आहे का?"

बसलेल्या वहिनींचा एकही फोटो आमच्याकडे नाही. चहा त्या चालता चालता पितात, त्यामुळे त्यांचे अर्धे भरलेले कप खिडकीत, जिन्यात, वॉशिंग मशीनवर सापडतात. स्वयंपाकघरात कायम काहीतरी उकळत असतं. माझ्या गरीब भावानं एकदा कडुलिंबाचा काढा कोरा चहा समजून पिऊन टाकला. वहिनी धावत आल्या, आम्हाला वाटलं नवऱ्याच्या काळजीनं, तर म्हणाल्या, "अहो, तो मोजून ठेवला होता!" तेव्हापासून भाऊ म्हणतो, आमच्या घरात भाजी आणि अर्क यांत फरक फक्त मिठाचा.

त्यांना स्कूटरवर मागं बसवून न्यायचं हे तर धाडसाचंच काम. एकदा क्रांती चौकात सिग्नलला थांबलो होतो. हिरवा दिवा लागला, मी निघालो, बोलत बोलत पार पुढच्या वळणापर्यंत गेलो. मागून हुंकार येईना म्हणून वळून पाहिलं, तर सीट रिकामी. परत आलो तेव्हा वहिनी दुभाजकावर उभ्या होत्या, हातात मुळासकट उपटलेलं कुठलंसं तण, आणि समोर वाहतूक पोलिस. "मॅडम, ये सरकारी झाडं है," तो सांगत होता. वहिनी म्हणाल्या, "ते राहू द्या. दिवसभर उभे असता ना तुम्ही? बूट आतून बघता का रोज, खडा-बिडा? साखर तपासली का कधी?" तो इतका गोंधळला की पावती फाडायची विसरला. आता छावणीत कुठंतरी राहतो तो, दिसला की लांबूनच ओरडतो, "मॅडम, नॉर्मल है!"

या सगळ्या पळापळीत वहिनींना एक झाड फार आवडायचं. शेताच्या बांधावर उगवणारी कंबरमोडी. विळा लागला की तिचा पाला चुरगळून रस पिळायचा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. एका रुग्णाच्या जंतूंवर तिच्या अर्काचं छान मोठं कडं पडलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात वहिनींच्या माहेरी, गंगापूरजवळच्या गावात, बारसं होतं. पाळण्याभोवती बायका नाव ठेवायला जमल्या होत्या आणि वहिनी अंगणभर फिरत सांगत होत्या, "शेवटी आपल्या बांधावरची कंबरमोडीच जिंकली!" त्यांचे मोठे भाऊ, ज्यांना आम्ही सगळेच दादा म्हणतो, खुर्चीत बसून, बिनसाखरेचा चहा पीत हे ऐकत होते. धाकट्या बहिणीचं त्यांना भारी कौतुक. तिला शिकायला शहरात ठेवलं ते त्यांनीच. त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होते, "आमच्या बाईनं जंतूचं औषध हुडकलंय."

पुढं उसाच्या तोडणीच्या दिवसांत एका सकाळी दादांचा फोन आला. मी शेजारीच होतो. वहिनी फोन कानाला लावून फेऱ्या मारत होत्या. दादा मजेत होते. म्हणाले, "बाई, तुला सांगणार नव्हतो, बरं झाल्यावरच दाखवणार होतो. फडात उसाचा खुंट पायात गेला. दुखलं-बिखलं काय नाय, रगत दिसलं तवा कळलं. तुझी कंबरमोडी वाटून बांधतोय रोज. जरा वास येतोय, तेवढंच."

वहिनी थांबल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना मधेच थांबलेलं पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे न बघता फक्त हात पुढं केला, आणि मी गाडीची किल्ली घेऊन उठलो.

वाटभर त्यांनी काच खाली-वर केली, सर्जनना फोन लावला, पदराचं टोक पिळलं, मला "हळू चालवा" आणि "चला ना लवकर" हे एकाच श्वासात सांगितलं. दादा ओट्यावर खाटेवर बसले होते, पाय उशीवर, चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलाचं हसू. त्यांनी स्वतःच फडकं सोडलं. हिरवा-काळा लगदा, आणि खाली दोन बोटं निळी पडलेली. वास आम्हाला दारातच आला होता.

"गाडीत बस दादा," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण गुण येतोय की. तूच म्हणली ना, जंतू मरतात?"

"बशीत मरतात रे!" वहिनी ओरडल्या. सगळं घर बाहेर आलं. "काचेच्या बशीत! बशीला पाय नसतो, हाड नसतं, बशीच्या रक्तात साखर नसती. मी धुवायचं पाणी म्हणले होते, तेबी अजून व्हायचंय. लेप बांध म्हणून कधी म्हणले मी तुला?"

दादांचं हसू गेलं. ते खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, तुझंच औषध हाय तर दुसऱ्याकडं कशाला जायचं?"

वहिनींनी वाकून दादांची चप्पल बाजूला सारली आणि मला म्हणाल्या, "धरा तिकडून."

दवाखान्यात सर्जननी पाय पाहिला आणि म्हणाले, दोन बोटं आजच काढावी लागतील. पाऊल वाचतंय का ते नंतर सांगतो. मग इन्शुलिन, सलाईन, इंजेक्शनं. वहिनींनी सर्जनपाशी झाडपाल्याचा एक शब्द काढला नाही. फक्त दादांना विचारून त्यांच्या जखमेतल्या पुवाची काडी मागून घेतली आणि कॉलेजात गेल्या. दोन दिवस मी त्यांच्या फोनची वाट पाहिली. तो आला नाही म्हणून मीच गेलो. प्रयोगशाळेत त्या खिडकीपाशी बशी उजेडात धरून उभ्या होत्या. कंबरमोडीच्या टिकलीभोवती जंतूंची साय अगदी कडेपर्यंत दाट आली होती. कडं नव्हतंच. बाभळीच्या सालीच्या टिकलीभोवती बारीकसं होतं, असलं तर.

"माणूस बदलला की जंतू बदलतो भाऊजी," त्या म्हणाल्या. "मुलांना दर वर्षी शिकवते मी हे. बारशाला अंगणात तेवढं सांगायचं राहिलं."

पाऊल वाचलं. सर्जननी ते सांगितलं तेव्हा वहिनी आधी दवाखान्याच्या जिन्यानं खाली गेल्या, मग वर आल्या, मग पुन्हा खाली गेल्या. शेवटी दादांच्या खाटेपाशी येऊन त्यांनी बशीची सगळी हकीकत सांगून टाकली. मला वाटलं, म्हातारा खचणार. दादांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी माझे जंतू कंबरमोडीला भीत नाय?"

"नाय भीत."

"मग बाभळीचं बघ. बांधावर लई बाभळी हायेत आपल्या."

जखम भरेपर्यंत दादा आमच्याकडेच राहिले. पट्टी बदलायचं काम नर्सकडून नीट शिकून वहिनींनी स्वतःकडे घेतलं. ते काम घाईनं होत नाही. उकळून गार केलेली भांडी, दवाखान्यानं दिलेलं सलाईन, धुतलेले हात, आणि पाटावर मांडी घालून बसलेल्या वहिनी. पहिल्या दिवशी आम्ही सगळे दारात उभं राहून बघत होतो. दादा रोज विचारायचे, "तुझं झाडाचं पाणी कधी घालणार?" वहिनी म्हणायच्या, "अजून वेळ हाय दादा. लई जणांच्या जंतूंवर बघायचंय, मग डॉक्टरांनी बघायचंय." दादा मान डोलवायचे. त्यांना काही घाई नव्हती.

ते गावी जायला निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. जखमेवर गुलाबी नवी कातडी आली होती. वहिनींनी पाय धुतला, उरलेल्या तीन बोटांच्या मधली जागा टिपून कोरडी केली, आणि पाऊल तसंच दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या. दादा खिडकीबाहेर बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बाई, सुरू केलं का गं? हात लावलास का?"

"व्हय दादा, लावलाय."

"असं का," दादा म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघू लागले. वहिनी उठल्या नाहीत.