मांडीवर चिप, मुक्काम बडोदे

बडोद्याला लोक राजवाडा बघायला जातात. मी गेले अंधारासाठी.

दुर्बिणीच्या कॅमेऱ्यासाठी आम्ही पुण्यात तळहाताएवढी, उजेड टिपणारी सीसीडी चिप डिझाइन केली होती. बाहेरून बनून आलेल्या चिपांपैकी एकच धड निघाली. तिची चाचणी बडोद्याला, फतेगंजच्या जोगळेकर सरांच्या प्रयोगशाळेत व्हायची होती, कारण तसा मिट्ट काळोखी, गोठवणारा डबा आमच्याकडे नव्हता. कुरिअरवर आमच्या साहेबांचा विश्वास नव्हता, म्हणून मी निघाले. नायलॉनच्या ओढणीची एक ठिणगीसुद्धा चिप मारते, त्यामुळे अंगात सगळं सुती.

गाडीत शेजारच्या बेननी मांडीवरच्या पेटीकडे बघून विचारलं, "अंदर शुं छे?"

"कॅमेऱ्याचा डोळा."

"एवढा मोठा? मोबाइलमां तो केटलो नानो आवे!" मी फसले आहे अशी खात्री पटून त्यांनी मला दोन थेपले जास्त दिले आणि डबा पेटीवरच ठेवला. मी बडोद्यापर्यंत श्वास रोखून बसले.

मुक्काम वासण्याला सुधामावशीकडे. तिथून फतेगंज लांब पडतं. रिक्षावाल्याशी भाडं आधीच बोलून घ्या. आणि न्याहारीला सेव-उसळ खायची असेल तर पांढरा कुर्ता घालू नका. माझा गेला.

जोगळेकर सर अंधाराच्या बाबतीत सोवळ्यातले. माझं घड्याळ काढायला लावलं, यंत्रांच्या दिव्यांवर काळी पट्टी चिकटवली. द्रवरूप नायट्रोजनने चिप गार केली आणि अंधाराचा फोटो काढला. तो काळाकुट्ट यायला हवा होता. आला कोपऱ्यात भलामोठा उजेड घेऊन.

"चिप गेली," सर म्हणाले.

दोन वर्षांचं काम! तरी मी एकामागून एक फोटो काढत राहिले. प्रत्येक फोटोत उजेड थोडा मंद होत होता. चिप बिघडली असती किंवा डब्याला कुठे फट असती, तर तो असा विझत गेला नसता.

"सर, डब्यात काही चमकणारं आहे का?"

सर हळूच म्हणाले, "गणपती आहे. रेडियमचा. मांडवीच्या बाजारातून आणलेला. म्हटलं, एवढी मोलाची चिप... असू दे ने जोडीला!"

गणपती बाहेर आला, सरांच्या टेबलावर बसला, आणि पुढचा फोटो काळाकुट्ट आला. सरांनी स्वतः चहा केला.

निघताना मांडवीत फिरले. तिथे पायीच जा, वाहन अडकतं. लीलो चेवडो घेतला, तो आंबटगोड आणि ओलसर असतो, लगेच संपवायचा.

घरी आल्यावर आईला तो फोटो छापून दाखवला. तिने चष्मा लावला, कागद खिडकीपाशी नेला, उलटा करून पाहिला.

"अगं, एवढं लांब जाऊन हे काय आणलंस? यात तर काहीच नाही!"

"हो ना आई," मी म्हणाले, "काहीच नाही!" आणि मला रडूच फुटलं.