श्वास सोडून माप घ्यायचं

तलासरीच्या शिवणवर्गात पोरी मला टीचर म्हणतात आणि बायका बाय म्हणतात. दोन्ही हाकांना मी अजून दचकते. मी स्वतः सातवीतनं शाळा सोडलेली. आमच्याकडं, सोलापूरच्या बाजूला, एका लेडीज टेलरच्या दुकानात काजं-बटणं करता करता कटिंग शिकले. त्यामुळं कुणी टीचर म्हटलं की आधी मागं वळून बघावंसं वाटतं, खरी टीचर आली की काय.

इथलं काम ओळखीतनं मिळालं. संस्थेनं शाळेचा दाखला मागितला नाही, हातचं काम बघितलं आणि ये म्हणाली. ते उपकार मी विसरत नाही. पण उपकारासोबत एक भीतीपण येते. वाटतं, कुणीतरी कधीतरी म्हणेल, झालं, आता जा. जायचं तर कुठं? माहेरी भाऊ-भावजयीचा संसार, आणि सासर म्हणावं असं काही उरलेलं नाही. माझी खोली हायवेला लागून आहे. गुजरातकडं जाणारे ट्रक भिंतीपलीकडनं जातात तेव्हा फळीवरची भांडी वाजतात. रविवारी वर्ग नसतो. त्या दिवशी त्या भांड्यांचाच काय तो आवाज.

वर्गात मात्र आवाजाला तोटा नाही. एका रांगेत सोळा-सतराच्या पोरी, शेजारच्याच मशीनवर चाळिशीच्या बायका, एकीला तर नातू आहे. इथं सगळे सगळ्यांना तू म्हणतात, मलासुद्धा. सुरुवातीला बोचलं होतं. आता वाटतं, तेवढंच कुणी जवळचं असल्यासारखं.

वेवजीकडच्या एका पाड्यावरनं दोघी यायच्या. एक नववीत शाळा सोडलेली पोर, दुसरी तिच्या शेजारची. पोरगी तिला काकी म्हणायची, म्हणून सगळा वर्गच काकी म्हणायचा. काकीला आकडे वाचता येत नव्हते, पण कापडाची जाण अशी की नुसतं चिमटीत धरून सांगायची, हे धुतल्यावर आटणार. पोरीला आकडे यायचे, पण तिची शिलाई काही सरळ जायची नाही.

"ही शिलाई हाय का वेवजीचा रस्ता?" काकी म्हणायची. "नुसती वळणंच वळणं."

"आणि तू टेप नीट धर आधी. सात नाय, साडेसात! डोळे फुटले काय?"

"साडेसात तर साडेसात. खूण कर नि तोंड बंद कर."

मग पोरगी मुद्दाम रिकामी कात्री वाजवायची.

"वाजवू नको गं, भांडण लागेल," काकी म्हणायची.

"लागलंय की आधीच!" हे ती माझ्यासारखं 'की' लांबवून म्हणायची आणि अख्खा वर्ग हसायचा. मीपण हसायचे.

मी त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतली होती. टेप अंगाला लागला की माणूस छाती भरून श्वास धरून ठेवतं. तेव्हा घेतलेलं माप खोटं. आधी म्हणायचं, श्वास सोड. सोडला की मग आकडा वाचायचा.

एकदा संस्थेच्या डहाणूच्या ऑफिसातनं मॅडम वर्ग बघायला आल्या. नेमकी त्याच वेळी एका बाईनं डावी बाही उजवीकडं जोडली होती आणि पोरी पोट धरून हसत होत्या. मॅडमना ते लागलं. चांगल्या आहेत त्या, आवाज न चढवता बोलतात. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मोठ्या बायकांना किती लाजल्यासारखं होत असेल. आपण दोन बॅच करूया. सकाळी मुली, दुपारी महिला. चालेल ना?"

"हो मॅडम," मी म्हणाले. त्यांच्यासमोर मला दुसरं काही सुचतच नाही. एवढंच डोक्यात असतं की त्यांनी शिक्षणाचं काही विचारू नये.

दोन बॅच झाल्या. सकाळी ती पोरगी आलीच नाही. दुपारी काकी आली, एकटी. शेजारच्या मशीनवरच्या बाईला म्हणाली, आकडा वाचून दे. तिनं समोर दिसला तो वाचला. टेपची बाजू उलटी, सेंटीमीटरची. कागदावर आखताना टेप सुलट झाला आणि तेवढेच इंच धरले गेले. काकीनं कागद कापला तर ब्लाऊजची बाही अख्ख्या हाताएवढी लांब निघाली.

कुणी हसलं नाही. बायका खाली बघून आपापलं काम करत राहिल्या. पोरगी असती तर ओरडली असती, काकी, हत्तीला शिवतेस काय! आणि काकीनं तिला दोन शब्द सुनावून दुसरा कागद घेतला असता. मी म्हणाले, "असू द्या की काकी, परत करू." तिनं तो कागद नीट घडी घालून मशीनवर ठेवला, चप्पल घातली आणि गेली.

नंतर दोघींपैकी कुणीच येईना. त्यांच्या मशीनवर मी रोज फडकं मारायचे. दोन्ही बॅच नीट चालल्या होत्या, शांत, शहाण्यासारख्या. सकाळी पोरी लवकर कंटाळायच्या, दुपारी बायका विचारायला लाजायच्या. आणि मला माझ्या खोलीतला रविवार आता रोजच आल्यासारखं वाटायचं.

शेवटी एका रविवारी रिक्षा करून वेवजीला गेले. काकी अंगणात तांदूळ पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"बाय, तू? रस्ता कुनी दाखवला?"

"विचारत आले. येत का नाही तुम्ही?"

"येऊन काय करू? ही सकाळी, मी दुपारी. मला वाचून कोन देल?"

तोवर पोरगी शेजारच्या घरातनं आली. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा एकटीला नाय सोडत. काकी असेल तरच." मग पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत, "आत्या म्हणते, उंबरगावला कंपनीत चल पॅकिंगला. उद्यापासून."

"तुला जायचंय?"

"मला काय विचारते, टीचर. पहिला ब्लाऊज मी हिचा शिवणार होते. बिचारी जन्मभर ढगळच घालते."

"बिचारी तुझी आत्या," काकी म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तू सांग ना तुझ्या मॅडमला. परत एकत्र कर म्हणावं. तिच्या बापाला मी बघते."

उद्यापासून म्हणजे आजच सांगायला हवं. परत आले आणि हायवेच्या कडेला उभी राहून वाक्य पाठ केलं. ट्रक जायचे, वाक्य विसरायचं, परत पहिल्यापासून. मॅडमनी फोन उचलला तेव्हा पाठ केलेलं काहीच तोंडात आलं नाही. जे झालं ते तसंच सांगत गेले. बाही, टेप, उंबरगाव, सगळं.

"अहो, मग त्या दिवशी का नाही बोललात?"

मी परत बाहीपासून सांगायला लागले.

"बरं, उद्यापासून एकत्र घ्या दुपारी. पण ते हसणं जरा आवरा."

"नाही मॅडम," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ऐकू आला. "हसू दे त्यांना. चूक झालेली कळते तरी."

मॅडम म्हणाल्या, "बघा तुम्ही."

मी काकीच्या मुलाच्या मोबाइलवर निरोप दिला. 'सांगतो' एवढंच म्हणाला तो. मग हे सगळं कुणाला तरी सांगावंसं वाटलं. भावाला फोन लावला, भावजयीनं उचलला. जेवलीस का, पाऊसपाणी कसं, एवढं झालं आणि पलीकडं कुणी तिला हाक मारली. ठेवते हं, म्हणाली. मी भात लावला. पोरगी सकाळच्या गाडीनं उंबरगावला गेलीच तर, हाच विचार डोक्यात फिरत राहिला.

सोमवारी दुपारी वर्ग भरला. त्या दोन मशीन रिकाम्याच. मी फळ्यावर उगाच खडू फिरवत होते, तेवढ्यात बाहेरनं आवाज आला.

"सरक ना गं, दारात काय खांब रोवलाय?"

"तूच सरक. आधी चप्पल काढू दे मला."

मी वळले नाही लगेच. चेहरा सारखा करायला थोडा वेळ लागला.

त्या दिवशी ब्लाऊजचं माप घ्यायचं होतं, जोड्या लावून, प्रत्येक जोडीनं तिसऱ्या एकीचं. मधल्या गोंधळात काही जणी गळाल्या होत्या, त्यामुळं या दोघींना माप द्यायला माणूसच उरलं नाही.

"बाय, तू उभी रहा," काकी म्हणाली.

मी उभी राहिले. इतक्या वर्षांत इतक्या जणींची मापं घेतली, पण माझं माप घ्यायची वेळ कुणावर येत नाही. स्वतःचं मी जुन्या ब्लाऊजवरनं काढते. काकीनं माझे खांदे धरून मला सरळ केलं. हात खरखरीत आणि ऊन होते. मग एक हात पाठीवर ठेवून तिनं दुसऱ्यानं टेप फिरवला. घर सोडल्यापासून माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"वाच," ती पोरीला म्हणाली.

पोरगी टेपवर वाकली, पण आकडा सांगेना. "टीचर, श्वास सोड ना. तूच तर शिकवते."

"सोडलाय की."

"नाय सोडला," काकी म्हणाली. पाठीवरचा हात तिनं काढला नाही. "सोड, बाय. आम्ही थांबतो."