एक जून

परतूरच्या माझ्या शाळेनं माझा सत्कार ठेवला होता. खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि मला फुटबॉल शिकवणारे सर माईकसमोर उभे राहिले. हसत म्हणाले, "याचं नाव जिल्ह्याच्या संघात आल्तं बरं का. मीच कापलं. पाटलाचा लेक त्याच जागेसाठी हट्टाला पेटल्ता. भीमनगरचं पोरगं खेळलं काय अन् न्हाई खेळलं काय, कोण इचारतंय? पण बघा, मी कापलं म्हणून तर आज साहेब झाला."

लोक हसले. टाळ्या पडल्या. पाटलांचा तो लेक आता जिल्हा संघटनेचा अध्यक्ष आहे. शेजारीच बसला होता. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

तेव्हा मी आठवीत होतो. सर माझ्यासमोर उकिडवे बसले होते, डोळ्यांत बघून म्हणाले होते, "तुझी जन्मतारीख एक जून लिहिलीय, अंदाजानं. खरं वय जास्त भरतं, बाळा. नियमात बसत न्हाई."

वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचाच होता. आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी एक जून टाकायचे. पाटलांच्या लेकाचीही तीच तारीख. तेव्हा हे मला सुचलंसुद्धा नाही. मी सरांवर विश्वास ठेवला. सामन्याच्या दिवशी मैदानावर चुन्याची फक्की मारून दिली, सरळ रेघांत, आणि बाहेर उभा राहिलो.

शाळेत नाव घालताना आईनं सांगितलं होतं, पोळ्याच्या आसपास जन्मला. "मला धड साल सांगता आलं न्हाई रं," म्हणायची. मरेपर्यंत म्हणायची.

सरांचं ते उकिडवं बसणं मी जपलं. घरातला पहिला पदवीधर झालो. प्रशिक्षकाच्या परीक्षा दिल्या. मालदीवला गेलो, भूतानला गेलो, मग आफ्रिकेतल्या एका लहान देशाचा तांत्रिक संचालक झालो. तिथल्या पोरांनी कोणत्या वयात काय शिकायचं, कुणी शिकवायचं, हे मी ठरवायचो. माझा एक नियम होता. खेळाडूला वगळलं तर प्रशिक्षकानं त्याच्यासमोर खाली बसायचं आणि कारण स्वतःच्या तोंडानं सांगायचं. लोक विचारायचे, हे कुठं शिकलात? भरल्या सभागृहात मी सरांचं नाव घ्यायचो.

आता जिल्ह्यातल्या पोरांना शिकवायला परत आलो होतो.

मंडपात टाळ्या ओसरल्या आणि अध्यक्षांनी एक कागद पुढं केला. यंदाच्या जिल्हा संघाची यादी, टाइप करून तयार. तुमची सही असली की वजन येतं, म्हणाले. चाचणी कधी घेतली, मी विचारलं.

"चाचणी कशाला, साहेब? आपलीच पोरं हायेत."

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली. सर जागेवर येऊन बसले होते. त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"सर, मी सही करणार नाही. कारण तोंडावर सांगतो. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. माझी आई स्वतःला दोष देत मेली."

"अरे, गंमत केली मी," सर म्हणाले. इकडंतिकडं बघायला लागले.

मी उठलो. यादी सहीविनाच अध्यक्षांच्या हातात दिली आणि मंडपातून बाहेर पडलो.

येत्या रविवारी सकाळी भीमनगरच्या मागच्या माळावर मी चाचणी घेतोय. कुणीही यावं. संघटना मानो न मानो, यादी कारणांसकट शाळेच्या फाटकावर चिकटवणार. नियम तोच आहे. पण कुठं शिकलात, असं आता कुणी विचारलं तर मी सरांनी काय केलं ते सांगणार. नावानिशी. सर समोर बसलेले असले तरी.