आहुप्याची हौसाबाई मला ओळखते

इथल्या प्रवासाच्या धाग्यावर सगळ्यांनी आपापली आवडती-नावडती ठिकाणं लिहिली, तेव्हा मीही लिहिलं होतं. आवडतं – कन्याकुमारी. नावडतं – आहुपे. लोकांनी आग्र्याच्या गाइडवर आणि पुरीच्या पंड्यांवर पानंच्या पानं भरली होती. त्यात माझं एका शब्दाचं उत्तर बघून काही जणांनी विचारलं, की आहुपे? आपल्या आंबेगाव तालुक्यातलं? इतकी सुंदर जागा, तिथं नावडण्यासारखं काय आहे?

काहीच नाही. जागा सुंदरच आहे. म्हणून तर लिहायला इतके दिवस लागले...

आधीच सांगते, मी हायस्कूलला गणित शिकवायचे. चतुर्थीला ओझरला जातो, घरात देवपूजा असते, पण करणी, अंगात येणं, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणी तसलं काही सांगायला लागलं की मी मनात त्यातली खोट शोधत बसते. तुम्हीही माझ्या गोष्टीत जरूर शोधा. मी शोधून दमले आहे.

आम्ही मंचरला राहतो. हे सरकारी नोकरीत होते, रस्त्यांच्या कामांवर देखरेख करायचे. प्रवासखर्चाची एलटीसी मिळायची, आणि आम्हाला दोघांनाही फिरायची हौस. मूलबाळ नाही, त्यामुळे मनात आलं की बॅग भरायची. पंचाण्णवला कन्याकुमारीला गेलो. सूर्योदयासाठी पहाटेचा गजर लावला आणि दोघंही नऊपर्यंत झोपलो. त्यानंतर दिवसभर नुसते हसत होतो. मला ती जागा का आवडते याचं एवढंच कारण आहे.

आता आहुपे. साल अठ्ठ्याण्णव, डिसेंबर. माझी नणंद मंगल आणि तिचे मिस्टर पुण्याहून जीप घेऊन आले होते. मंगल म्हणाली, तुम्ही सगळा देश फिरता आणि आम्हाला इथला कोकणकडा एकदा दाखवत नाही. मला पटलं. पण यांनी लगेच कां-कूं सुरू केलं. रस्ता खराब आहे, तिकडे जेवायची सोय नाही, त्यापेक्षा भीमाशंकरला जाऊ. मला तेव्हाच जरा नवल वाटलं. यांचं काम त्याच पट्ट्यात असायचं. महिन्यातून चार-पाच वेळा ऑफिसची जीप घेऊन डिंभ्याकडे जाणारा माणूस आहुप्याचं नाव काढलं की असं का करतो...

शेवटी गेलो. घोडेगाव, डिंभे, मग धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत वर. भाताची कापणी होऊन गेली होती, खाचरांत नुसती खोडं उरली होती. कड्यावर उभं राहून खालचं कोकण बघितलं. मंगलच्या मिस्टरांनी फोटो काढले. भूक लागली तेव्हा गावातल्या एका माणसानं सांगितलं, हौसाबाईकडं जावा, ती भाकरी करून देईल.

हौसाबाई पन्नाशीची असेल. अंगणात हिरडे वाळत घातले होते, ते ती हातानं चाळवत होती. आम्हाला बघून उठली, पदर सावरला, आणि सरळ माझ्याकडं बघून म्हणाली,

"आलात व्हय बाई. पाय बरा हाय का आता?"

मी म्हटलं, कुठला पाय? तर म्हणते, "मुरगाळला नव्हता का, वड्याच्या उतारावर. लई सुजला व्हता."

मी हसले. म्हटलं, मावशी, मी पहिल्यांदाच येतेय तुमच्या गावात. ती पण हसायला लागली, मी थट्टा करतेय असं समजून. मग तिची नजर माझ्यामागं गेली. मागं हे उभे होते. तिनं यांना एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "आसंल," म्हणाली. "माजीच चूक झाली. बसा, पाणी देते."

बायकांना हे कळतं. एखादी बाई दुसरीचं काहीतरी झाकते, तेव्हा ती नेमकी अशीच गप्प होते. मी यांच्याकडं बघितलं. हे चपलेचा बंद नीट करत होते.

जेवायला बसलो. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, खुरासणीची चटणी. खुरासणी म्हणजे कारळं, आमच्याकडं सगळेच त्याची चटणी करतात. पण पहिला घास घेतला आणि माझा हात थांबला. चटणीत वाळवलेली लिंबाची साल होती. भाजून, कुटून घातलेली. हे असं फक्त माझी आई करते, ओतूरला, आणि तिचं बघून मी. तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिची तिनंच काढलेली पद्धत. मंगलनंही ओळखलं. "वहिनी, ही तर तुमचीच चटणी," असं ती भरल्या तोंडानं म्हणाली.

हौसाबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "त्यांनीच तर सांगितली."

मंगलच्या मिस्टरांनी क्रिकेटचा विषय काढला.

परतताना जीपमध्ये माझ्या डोक्यात सगळं जुळत गेलं. हे इथं कुणालातरी घेऊन आले होते. दिसायला माझ्यासारखी, नाहीतर लांबून तशी वाटणारी. यांच्या डब्यात मी चटणी द्यायचेच, ती तिनं खाल्ली, त्यात काय आहे ते यांनी सांगितलं. मला जायचं म्हटल्यावर यांची कां-कूं. सगळं बसत होतं. घरी आल्यावर मंगल जाईपर्यंत मी कळ काढली. मग सरळ विचारलं. हे शपथेवर म्हणाले, मी डिंभ्याच्या पुढं कधी कामाला गेलोच नाही, आणि आहुप्याला नको म्हणत होतो ते घाटातल्या वळणांनी मला मळमळतं म्हणून. मंगलसमोर सांगायची लाज वाटली.

मी विश्वास ठेवला नाही.

तो हिवाळा आमच्या घरात फार वाईट गेला. मी यांच्या शर्टाचे खिसे तपासायला लागले. ऑफिसात फोन करून, साहेब आहेत का, असं विचारून ठेवून द्यायचे. हे एकदा जेवताना म्हणाले, तू माझ्याकडं असं बघतेस, जणू मी चोरी करून पंगतीला बसलोय. होळी झाल्यावर एका रविवारी त्यांनी स्वतःहून मित्राची जीप आणली आणि म्हणाले, चल. त्या बाईच्या तोंडून जे काय असेल ते ऐकू, मग तू ठरव.

भर दुपारी पोचलो. वाटेत यांना तीनदा थांबावं लागलं, मळमळीचं खरंच होतं. हौसाबाई घरीच होती. हे म्हणाले, मावशी, मला कधी बघितलंय का इथं? माझ्याबरोबर कुणी बाई होती का? कुणाची भीड धरू नका.

ती गोंधळली. "तुमाला त्या पावण्यांच्या संगं पैल्यांदा बघितलं, जीपीतनं आला तवा. त्याच्या आदी न्हाई."

"मग हिला?"

"ह्या एकल्याच आल्या व्हत्या, राव. लावणी चालू व्हती. यष्टीनं आल्या, वड्यापाशी पाय मुरगाळला, मंग दोनेक रोज माज्याकडंच ऱ्हायल्या. कुणाला सांगू नका म्हनल्या." मग माझ्याकडं वळून, अगदी माफी मागितल्यासारखी, "म्हनून त्या दिशी मी गप ऱ्हायले. तुमचं मालक संगं व्हतं ना."

म्हणजे ती झाकत होती ते यांचं नाही. माझं.

मी तिला नाना तऱ्हेनं विचारलं. माझ्यासारखी दुसरी कुणी असेल, चेहरा नीट आठवतो का. तिनं माझा डावा हात धरला आणि मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला. म्हणाली, ह्यावर मीच तर खोबऱ्याचं तेल लावलं. शेजारची एक म्हातारी आली, तिनंही मला लांबूनच रामराम घातला. ती म्हणाली, ह्या बाई कड्यावर जाऊन बसायच्या, तासन् तास. बोलवाय गेलं तरी वळून बघायच्या न्हाईत.

डाग खरा होता. जून महिन्यात कुकरच्या वाफेनं भाजलं होतं.

परतीच्या वाटेवर घोडेगाव आलं. तेव्हा हे समोर रस्त्याकडं बघतच म्हणाले, "लावणीच्या दिवसांत तू ओतूरला होतीस ना? आईंच्या ऑपरेशनला?"

मी म्हटलं, होते. हे "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये काय होतं ते मला पक्कं माहीत होतं, कारण गेले तीन-चार महिने मीही यांना तसंच "हं" म्हणत होते.

दुसऱ्याच आठवड्यात मी ओतूरला गेले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आठवडाभर तिथं होते, हे मला लख्ख आठवतं. मधल्या खोलीत तिच्या खाटेशेजारी अंथरूण घालायचे, तिला भरवायचे, डोळ्यात थेंब घालायचे. भावाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "आक्के, तू कुठं आठवडा व्हतीस? मदी दोन-तीन दिवस मंचरला जाऊन आलीस की. मीच तर तुला स्टँडवर सोडलं." मी म्हटलं, शक्य नाही. तो हसला, म्हणाला, वय झालं तुझं.

मग आईजवळ बसले. तेव्हा तिच्या एका डोळ्याला पट्टी होती आणि दुसऱ्यानं तिला सगळं धूसरच दिसायचं. ती म्हणाली, छे, तू एक दिवससुद्धा हलली नाहीस. तुझा हात मला कळत नाही होय? मला इतकं बरं वाटलं... तेवढ्यात ती म्हणाली, "पण मधी दोन दिवस तू बोलतच नव्हतीस गं. मी किती हाका मारल्या. नुसती पायापाशी बसून होतीस. काय झालं व्हतं तुला?"

मी हे यांना सांगितलं नाही. भावानं काय सांगितलं ते मात्र त्यांना नंतर कुठूनतरी कळलं.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं. आम्ही एकत्र राहिलो, फिरलोसुद्धा. जयपूर, गंगटोक, म्हैसूर. पण कुठंही गेलो की हे सामान घेऊन मुद्दाम दोन पावलं मागं थांबायचे, मला हॉटेलात आधी जाऊ द्यायचे. काउंटरवरचा माणूस मला बघून ओळखीचं हसतो का, ते बघायला. मला ते कळायचं. आणि खरं सांगू का, मीही त्या माणसाच्या तोंडाकडंच बघत असायचे.

दोन हजार पाचला कौसानीला गेलो. सकाळी फिरून येताना एका टपरीवर चहा घेतला. समोर बर्फाचे डोंगर होते, ऊन छान पडलं होतं. टपरीवाल्या बाईनं मला ग्लास दिला, माझ्याकडं धड बघितलंही नाही. यांना देताना मात्र थांबली.

"साहब, इस बार अकेले नहीं आए?"

हे म्हणाले, मी इथं पहिल्यांदाच येतोय. ती "अच्छा" म्हणाली, माझ्याकडं एक नजर टाकली आणि भांडी विसळायला लागली.

यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी बघितला नव्हता. हे माझ्याकडं बघत राहिले, मी काय म्हणते याची वाट बघत. मी म्हटलं, चहा घ्या, गार होतोय.

संध्याकाळी खोलीत आल्यावर त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "तुला तेव्हा असंच झालं होतं का?"

"हो," मी म्हटलं.

आहुप्यानंतर सहा-सात वर्षांनी आम्ही पहिल्यांदा त्या गोष्टीवर मोकळेपणानं बोललो. आईचं बोलणंही मी तेव्हाच सांगितलं. यांनी माझा हात धरला, सोडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्या टपरीवालीचा गोंधळ झाला असेल, दिवसाला शंभर गिऱ्हाइकं असतात. असेल. हौसाबाईचाही झाला असेल, पण मग तो डाग, ती चटणी? भाऊ विसरला असेल, आईला औषधांची गुंगी असेल. एकेक गोष्ट सुटी घेतली तर उत्तर मिळतं, सगळ्या मिळून मिळत नाही. आहुप्याला मी परत गेले नाही. तिथं त्या दिवसांत मी नव्हते, हे मी देवाशपथ सांगू शकते, पण सिद्ध करू शकत नाही.

आणि हो... कौसानीच्या दोनेक वर्षं आधी हे ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस डेहराडूनला गेले होते; तिथून कौसानी एका दिवसाच्या प्रवासावर आहे. मी त्याबद्दल कधी काही विचारलेलं नाही. माझा त्यांच्यावर विश्वास आहे. बहुतेक दिवस असतो.