मालकाचं कारण

माझा धाकटा भाऊ दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायचा. हट्टी तर इतका, की लहानपणी शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलं तरी "असंच असतं" म्हणत दिवसभर तसाच हिंडायचा. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. रुग्णाचं वजन आणि औषध भरलं, की सलाइन किती वेगाने सोडायची ते सांगणारा. लिहिला आणि सगळ्यांना खुला करून टाकला. कुणीही घ्यावा, आतलं वाचावं, दुरुस्ती सुचवावी. कुठल्या कुठल्या दवाखान्यांनी तो घेतला. दुरुस्त्या पाठवणारे त्याला मालक म्हणायला लागले. मी चिडवायची, "घरात चहाचा कप विसळत नाहीस, आणि म्हणे मालक!"

मालकाचा नियम कडक. प्रत्येक बदलासोबत कारण लिहायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी तपासून होकार द्यायचा. दूरच्या गावची एक परिचारिका होती, नोकरी सांभाळून प्रोग्राम लिहायला शिकलेली. तिचे बदल त्याने किती वेळा परत पाठवले असतील! शेरा एकच: 'कारण लिहिलेलं नाही.' बिचारी पुन्हा लिहायची. नियम सगळ्यांना होता, एक मालक सोडून.

गेल्या वर्षी तो विसरायला लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली हे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. परत येताना मी म्हटलं, "त्या लोकांना सांग बाबा. प्रोग्रामचा कारभार दुसऱ्या कुणाकडे दे." तो खेकसला, "झाकली मूठ झाकलेलीच राहू दे, ताई. तेवढंच उरलंय माझ्याकडे." मला राग आला, आणि त्याहून जास्त त्याची दया. विषय मी पुन्हा काढला नाही. तिथेच चुकलं माझं.

एका दुपारी प्रोग्राम वाचता वाचता तो ओरडला, "कुठल्या गाढवाने ही ओळ घातलीय? कारण नाही, काही नाही!" आणि ओळ काढून टाकली. विचारतोय कुणाला, मालकच तो. नवा प्रोग्राम दवाखान्यांत गेला.

तिसऱ्या दिवशी त्या परिचारिकेचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर घेतला. वजनाची जागा रिकामी राहिली तर प्रोग्रामने थांबायचं, एवढंच त्या ओळीचं काम. तिच्या वॉर्डात तो थांबला नाही, एका लहान मुलीसाठी भलताच आकडा दाखवून मोकळा झाला. हिची नजर त्या आकड्यावर गेली म्हणून सलाइन लावायच्या आधी कळलं.

"पण ती ओळ होती कुणाची?" त्याने विचारलं.

"तुमचीच, मालक. बारा वर्षांपूर्वीची."

ओळ त्याने लगेच परत घातली. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी प्रोग्रामात मालक म्हणून लिहिलेलं स्वतःचं नाव काढलं, परिचारिकेचं घातलं. एका बोटाच्या टिचकीने काम झालं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपला बदल दुसऱ्याच्या होकारासाठी पाठवला.

दुपारी परिचारिकेकडून तो बदल परत आला. शेरा: 'कारण लिहिलेलं नाही.'

माझं डोकंच फिरलं. "काय बाई आहे! माणूस सगळं सोडून देतोय, आणि हिला कारण हवंय!"

तो हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "बरोबर आहे तिचं," म्हणाला. मग कीबोर्ड पुढे ओढला.

"ताई, त्या आजाराचं नाव काय गं?"

मी सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. त्याने एकेक अक्षर लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं.